विश्वकर्म्याचा गज

सातपूरच्या एमआयडीसीत माझ्याइतका सरळ रंधा मारणारं दुसरं कुणी असेल तर त्याने समोर यावं, चहा मी पाजते. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहेच, पण चौतीस वर्षांच्या बाईने सागवानाशी झटायचं आणि वर नम्रही राहायचं, ही दोन कामं मला एका वेळी जमत नाहीत.

आमचं पॅटर्नचं शॉप आहे. पॅटर्न म्हणजे लाकडात घडवलेला नमुना. भट्टीवाले तो वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. तुमच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह पितळेचा होण्याआधी कुणीतरी तो लाकडात केलेला असतो. ते कुणीतरी म्हणजे चाळीस वर्षं माझे अण्णा, म्हणजे वडील, निवृत्ती मिस्त्री, आणि गेली अकरा वर्षं त्यांच्या शेजारी मी, मोहिनी.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून नजर त्यांची आणि पटाशी माझी. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. ते आत यायचे, ड्रॉइंग अण्णांच्या पुढ्यात पसरायचे, काम उत्तम झाल्याचं अण्णांना सांगायचे आणि मला म्हणायचे, "ताई, जरा पाणी मिळेल का?" मी पाणी द्यायचे. मनात काय द्यायचे ते इथे लिहीत नाही.

हळूहळू कामही आटलं. कॉम्प्युटरवर कापलेले पॅटर्न येऊ लागले, जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळली. दिवाळी झाली आणि एक दिवस अण्णा म्हणाले, "मोहने, शॉप बंद करू. माझा हात गेला. आन् बाईमाणसाच्या हाताला काम कोण देणार?"

अण्णा मूळचे नांदगावचे. बोलताना आव आणत नाहीत, जे वाटतं ते बोलून मोकळे होतात. त्यांच्या मनात खोट नव्हती, काळजीच होती, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं ज्या हाताने शॉप चाललं तो हात यांना दिसला नाही? आठवडाभर आमच्यात बोलणं नव्हतं. जेवणाचा डबा तेवढा मी त्यांच्यासमोर आपटायचे.

त्याच सुमारास देवळाचं निघालं. सातपूरमधल्या लहान कारखानदारांनी आणि कामगारांनी मिळून विश्वकर्म्याचं छोटंसं देऊळ बांधलं होतं. गाभारा काळ्या दगडाचा, मूर्तीसाठी एकाच अखंड शिळेत कोरलेला कोनाडा. माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती, त्या दिवशी प्रतिष्ठा. समितीचे अध्यक्ष दिनेशशेठ. त्यांचा पंपांचा कारखाना आहे आणि कुठल्याही गोष्टीची तयारी दोन-दोन ठेवायची त्यांना सवय आहे. त्यांना जयपूरची संगमरवरी मूर्ती हवी होती.

बैठकीत अण्णा उठून उभे राहिले. "घडवणाऱ्यांचा देव, आन् तोच तयार दुकानातून आणायचा? मग आपण सगळे इथं काय खिळे मोजायला बसलोय?" लोक हसले, पण मुद्दा पटला. मग अण्णांनी मलाही धक्का दिला. "सागवानात करू. माझी मोहिनी करेल."

दिनेशशेठनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "करू द्या काका. पण चार दिवस आधी कोनाड्यात बसवून दाखवायची. नाही बसली तर संगमरवरी मूर्ती मी सांगून ठेवतो."

परत येताना स्कूटरवर मागे बसलेले अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "मूर्ती बसली तर शॉप तुझं. मी मधी बोलणार नाय. नाय बसली तर कुलूप लावायचं, आन् मग तू पण बोलायचं नाय."

"कबूल," मी म्हटलं.

देवाच्या चार हातांत काय द्यायचं यावर जो वाद झाला त्याला तोड नाही. वेल्डरांना हातोडा हवा होता. दिनेशशेठना दात असलेलं चक्र हवं होतं, म्हणजे गिअरच. एका उत्साही माणसाने त्रिशूळ सुचवला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विश्वकर्म्याच्या हातात मारायचं, कापायचं काही नसतं. एका हातात गज, मोजायला. दुसऱ्यात सूत्र, म्हणजे दोरी, सरळ रेघ धरायला. तिसऱ्यात पोथी, कारण आपल्या आधी कुणी काय केलं ते ठाऊक पाहिजे. चौथ्यात कमंडलू."

"कमंडलू कशाला? तो काय तपाला बसलाय?" दिनेशशेठनी विचारलं.

"पाण्याशिवाय पातळी कशी बघणार, शेठ? पाणी कधी खोटं बोलत नाय. जग घडवायच्या आधी यानं ते मोजलं. हातोडा मागनं येतो."

"आणि दाढी? देव म्हातारा का दाखवतात?" कुणीतरी विचारलं.

"नवशिक्याच्या हातात जग देतील होय?" अण्णा म्हणाले, आणि वाद तिथे मिटला.

दोन महिने मी त्या मूर्तीला जुंपले होते. सकाळी उरलंसुरलं व्हॉल्व्हचं काम, दुपारनंतर देव. पायाशी हंस बसवला. लाकूड तडकू नये म्हणून मूर्ती पाठीमागून पोखरून घेतली. दाढीचा एकेक केस पटाशीने ओढताना मनगटं भरून यायची. डोळ्यांशी सुरकुत्या काढल्या, अण्णांच्या आहेत तशाच, पण हे त्यांना सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसले असते. कोनाडा साडेचारशे मिलिमीटर रुंद होता. मूर्ती मी चारशे सेहेचाळीसची धरली, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळे. अण्णांनी सगळं दोनदा तपासलं. शेवटचा हात फिरवून मी मागे सरले तेव्हा मला रडू आलं. इतकं सुंदर काम माझ्या हातून झालंय हे पाहून आलं, दुसरं कारण नव्हतं.

ठरल्याप्रमाणे चार दिवस आधी सकाळी आम्ही मूर्ती देवळात नेली. वीसएक माणसं जमली होती. चौघांनी उचलली, कोनाड्यासमोर धरली, पुढे सरकवली. खट्. उजव्या हातातला गज दगडाला लागला. थोडी डावीकडे घेतली. खट्. आता डावा हात लागला.

मूर्ती आत जाईना.

मी मूर्तीला टेप लावला. चारशे त्रेपन्न. पुन्हा लावला. टेपला माझी दया आली नाही.

"तीन मिलिमीटर तर आहेत, रंधा मारा," दिनेशशेठ म्हणाले.

"मारू कुठं?" अण्णांनी मूर्तीच्या कडा दाखवल्या. "दोन्ही बाजूंना देवाची बोटं हायेत. ती छाटू? थोटा विश्वकर्मा बसवायचाय का तुम्हाला?" कोनाडा वाढवता येईल का, म्हणून पाथरवटाला विचारलं. त्याने कडेवर टिचकी मारली आणि मान हलवली. कड इतकी पातळ होती की छिन्नी लागली असती तर शिळा उकलली असती.

दिनेशशेठ बाजूला जाऊन फोन करू लागले. त्यांनी आवाज खाली ठेवला होता, पण "संगमरवरी" हा शब्द हळू बोलता येत नाही.

मी ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि माझी पट्टी बाहेर काढली. टेपशेजारी धरली. दोन्हींवरच्या रेघा जुळत नव्हत्या.

पितळ ओततात तेव्हा ते तापून पसरलेलं असतं. थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण पंधरा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न करणारा साध्या पट्टीने मोजतच नाही. त्याची पट्टी वाढीची असते. तिच्यावर लिहिलेलं एक मीटर खरं तर एक मीटर आणि वर पंधरा मिलिमीटर असतं. त्या पट्टीने लाकूड केलं की धातू आकसून बरोबर मापाला येतो. आमच्या शॉपमध्ये पितळेचंच काम, त्यामुळे अकरा वर्षं माझ्या खिशात दुसरी पट्टी आलेलीच नाही. ही मूर्ती लाकडाची होती, ती काही आकसणार नव्हती. पण हात गेला तो खिशातल्या पट्टीकडेच. अण्णांनी दोनदा तपासलं, तेही त्यांच्या पट्टीने, आणि ती तर माझ्या पट्टीची आई. सुताराने ही चूक केली नसती, शिल्पकाराने केली नसती. ही चूक करायला आमच्याच घरात जन्म घ्यावा लागतो.

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. अण्णांनी पट्टी माझ्या हातून घेतली, टेपशेजारी स्वतः धरून पाहिली आणि परत दिली. मूर्ती टेम्पोत चढवली, पोत्यावर आडवी ठेवली आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो.

त्र्यंबक रोडवर सिग्नलला टेम्पो थांबला. माझी नजर मूर्तीच्या खांद्यावरून खाली गेली. तिथे केसाएवढी बारीक रेघ होती. मूर्ती दोन भागांत होती, पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा, लाकडी खुंट्यांनी जोडलेला. मी अशी का केली? पॅटर्न दोन भागांत करतात म्हणून. हंसाचे पंख आणि वरचे हात वेगळे निघत होते. का? वाळूतून सुटे काढता यावेत म्हणून. सगळ्या कडांना बारीकसा उतार होता. तोही त्याचसाठी. कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं, हात आपलं करत गेले होते.

"अण्णा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. "ही मूर्ती नाहीच! हा पॅटर्न आहे! पितळेत ओतली तर चारशे सेहेचाळीसच भरेल!"

अण्णा मूर्तीवर वाकले. मग त्यांनी थरथरत्या हाताने मूर्तीच्या कडेवरचा उतार चाचपला. "ड्रायव्हर," ते म्हणाले, "टेम्पो संघर्षच्या भट्टीकडं घे."

संघर्षची ओतकामाची भट्टी आमच्या मागच्याच गल्लीत आहे. त्याचे वडील सावळीराम आणि अण्णा एकाच दिवशी सातपूरमध्ये कामाला लागले होते. संघर्षने मूर्ती न्याहाळली, खुंट्या सोडवून दोन्ही भाग वेगळे केले, उतारावर तळवा फिरवला.

"काका, एक आधीच सांगतो. आम्ही बौद्ध. मी देवाला हात जोडत नाही, त्या दिवशीही जोडणार नाही."

"जोडू नको. हात ओतायला लागणारेत," अण्णा म्हणाले.

संघर्ष हसला. "हे ज्यानं केलं त्यानं झकास पॅटर्न केलाय. मूर्ती कोण म्हणतं याला?"

"मी केलाय," मी म्हटलं.

"ते दिसतंय, ताई. काकांच्या कामात उतार एवढा सारखा नसतो." अण्णांनी घसा खाकरला, पण ते खोटं पाडायला गेले नाहीत. मला त्या क्षणी संघर्षला मिठी मारावीशी वाटली.

दिनेशशेठना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बघा काका, त्रयोदशीला सकाळी आठला संगमरवरी मूर्तीचा टेम्पो दारात असेल. त्याआधी तुमची बसली तर तुमची." माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचा भरवसा आमच्यावर अर्धाच होता.

पितळ सातपूरने दिलं. बातमी गल्लोगल्ली फिरली आणि दुपारपासून लोक येऊ लागले. कुणी जुने व्हॉल्व्ह आणले, कुणी झिजलेले बुश. एका आजोबांनी घरची समई आणली. संघर्ष दारात बसून निवडत होता आणि कुणाचीच भीड ठेवत नव्हता. "हे चालणार नाही, यात जस्त जास्त आहे. हे पितळच नाही, मुलामा आहे, परत न्या. समई घरी लावा आजोबा, देवाला उजेड लागेल." त्याला व्हॉल्व्हचंच पितळ हवं होतं. आमची पट्टी त्याच पितळेच्या आकसण्यावर बेतलेली होती, आणि दुसरं काही मिसळलं तर ते किती आकसेल याचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने आणि मी मिळून वाळू भरली. पॅटर्न वाळूतून उचलताना मी श्वास धरला होता. हात सुटले, पंख सुटले, एक कण ढळला नाही. दाढीचा केसन् केस वाळूत उमटला होता. दुपारी बाराला धातू ओतला. पिवळ्याधमक धारेकडे बघताना मी मनात दिवस मोजत होते. चार दिवसांतले दोन इथेच गेले होते आणि दुसरा साचा करायला वेळ नव्हता.

"बरोबर मापाला येईल ना रे?" मी विचारलं.

"पुस्तकाप्रमाणे यायला पाहिजे," संघर्ष म्हणाला. "पण धातू पुस्तक वाचत नाही, ताई."

साचा थंड व्हायची वाट बघत आम्ही बाहेर बाकावर बसलो. अण्णांनी खिशातली स्वतःची पट्टी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला वाटायचं, देवाच्या हातातला गज म्हंजी आपली साधी पट्टी. आज कळलं, तसा नसणार. घडवणाऱ्याला ठाऊक असतं, वस्तू हातातनं सुटली की आकसणार. म्हणून त्याचं माप थोडं मोठंच असतं. हे चाळीस वर्षं मी करत आलो, पण ध्यानात आलं नाय." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं माप मात्र मी लहान धरलं. चुकलं माझं."

अण्णांनी माझ्यासमोर चूक कबूल केल्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. मी उठून त्यांच्यासाठी चहा आणला आणि या वेळी तो आपटला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाळू फोडली. आतून काळाकुट्ट, वाळू चिकटलेला म्हातारा बाहेर आला. दाढीत एक बारीक छिद्र राहिलं होतं, बाकी अंगाला कुठे खोट नव्हती. ओतायच्या वाटांत गोठलेले पितळेचे दांडे कापले, कानस मारली, बफ लावून चकाकी आणली. आणि मग पुन्हा टेप. धरायला तिघं, बघायला पंधरा. चारशे सेहेचाळीस आणि वर अर्धा. संघर्षने टेप माझ्या हातातून घेतला, स्वतः मोजलं आणि मग खिशातला रुमाल काढून आधी मूर्तीचा हात पुसला आणि नंतर स्वतःचं कपाळ.

त्रयोदशीला सकाळी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या पाळीचे कामगार कामावर जाण्याआधी थांबले होते, रात्रपाळीचे घरी न जाता आले होते. पावणेआठलाच संगमरवरी मूर्तीचा टेम्पो येऊन उभा राहिला, ताडपत्री घातलेला. दिनेशशेठ एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा आमच्याकडे.

चौघांनी पितळेचा विश्वकर्मा उचलला. वजनाने त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. कोनाड्याच्या तोंडाशी आणला. मी बाजूला वाकून फटीत डोळा लावला.

"सरकवा," मी म्हटलं.

गज आत गेला. डावा हात आत गेला. कोपर, पंख, पाया. कुठे खट् झालं नाही. दगडावरून पितळ सरकल्याचा एक लांब, संथ आवाज आला आणि देव मागच्या भिंतीला टेकून बसला. मी खिशातून कागदी पुठ्ठ्याचा तुकडा काढून उजव्या फटीत घातला, तो गेला. डाव्या फटीत घातला, तोही तितकाच गेला.

"बसली!" मी ओरडले.

मग जो गलका झाला तो थांबेना. कुणीतरी शेजारच्या कारखान्याचा भोंगा दिला. तो ऐकून पुढच्याने दिला, मग त्याच्या पुढच्याने. गल्लीभर भोंगे वाजत होते. लोक देवाच्या पाया पडत होते. संघर्ष हाताची घडी घालून एका बाजूला उभा होता. त्याने हात जोडले नाहीत. त्याने मोबाइल काढून आपल्या ओतकामाचे अकरा फोटो मात्र काढले, दाढीचे वेगळे. अण्णा खांबाला टेकून रडत होते आणि कुणी बघतंय का याची त्यांना पर्वा नव्हती. मीही रडले. जिंकल्यावर रडायला मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

संगमरवरी मूर्ती दिनेशशेठनी आपल्या कारखान्याच्या दारात बसवायची ठरवली. टेम्पोवाल्याला पत्ता सांगून ते आमच्याकडे आले. काखेत गुंडाळलेलं ड्रॉइंग होतं. याही तयारीने आले होते म्हणजे.

ते अण्णांसमोर उभे राहिले आणि कागद पुढे केला. "काका, नव्या पंपाची बॉडी आहे. कॉम्प्युटरवाल्यांचं दोनदा फसलं. तुम्ही कधी द्याल?"

अण्णांनी डोळे पुसले. कागदाला हात लावला नाही.

"मला काय विचारता, शेठ? मालकीण ही उभी हाय. मी तिच्याकडं कामाला असतो."

दिनेशशेठनी कागद मागे घेतला. मग वळले आणि ड्रॉइंग माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी दिलं.

"मोहिनी मिस्त्री, कधी मिळेल?"

मी कागद टेम्पोच्या बॉनेटवर पसरला. चारी टोकं दाबून धरायला आजूबाजूचे पाच-सहा हात आपोआप पुढे आले. मी वरपासून खालपर्यंत बघितलं. घाई केली नाही. सगळे थांबले होते, त्यांना थांबू दिलं.

"तीन आठवडे," मी म्हटलं. "आणि शेठ, इथे तोंडाशी तुमचं एक माप चुकलंय. आधी ते सुधारून आणा."